क्रीम रंगाची सीट

नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. गाडी अशी हवी की ती कुणाला मागायचं धाडस होऊ नये. हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं, गुडघे दुखतात. मुलीला फोनवर सांगितलं, एअरबॅगा हव्यात, आता वय झालं. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. पण मनातलं कारण ते नव्हतं, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

आमच्याकडे आधी होती ती डिझेलवर चालणारी, लांबुळकी, दहा माणसं कोंबता येतील अशी गाडी. चालताना डावीउजवीकडे डुलायची म्हणून वाडीने तिचं नाव ‘होडी’ ठेवलं होतं. नवरा बोटीवर नोकरीला, महिनेच्या महिने बाहेर. घरात सासू आजारी आणि मुलगी लहान, म्हणून मी गाडी शिकले. आचऱ्याच्या पलीकडचं आमचं गाव, त्यात आमची वाडी अगदी टोकाला. बरीच वर्षं वाडीत दुसरी गाडी नव्हती. म्हणजे झालंच. मी कुठे चालले ते माझ्या आधी वाडीला कळायचं. सकाळी चावी घेऊन अंगणात, खळ्यात यावं तर मागच्या सीटवर दोघी आधीच पदर सावरून बसलेल्या. “मालवणाक जातस मा? चल तर.” मालवणला जायचं माझ्या स्वप्नातही नसायचं.

होडीतून काय गेलं नाही ते विचारा. बाळंतिणी गेल्या, नवऱ्या मुली गेल्या, त्यांच्या शेजारी खताची पोती गेली. गणपती गेले. गाभण शेळी गेली, आणि तिने वाटेतच मोकळं व्हायचं ठरवलं तेव्हा मी आचऱ्याच्या तिठ्यावर गाडी उभी करून चहा पीत बसले. एकदा कुणीतरी ताज्या बांगड्यांची, माशांची पिशवी सीटखाली विसरून मुंबईला निघून गेलं. तो वास पावसाळा संपेपर्यंत गेला नाही. मी तोंडाने फाडफाड बोलायचे, “शिरा पडली तुमच्या बाजारार, माका काय एस्टीची डायवर समाजलात काय?” असं सगळं. पण बोलताना दार उघडून धरलेलं असायचं, त्यामुळे माझ्या बोलण्याला कुणी काडीची किंमत देत नसे.

होडीत पुढची डावी सीट मात्र ठरलेली होती. ती शेजारच्या मावशीची. नात्याची कुणी नाही. ती ख्रिश्चन, आमच्यामध्ये कमरेएवढा दगडी गडगा, पलीकडे तिचं घर, दारात पांढरा क्रूस आणि त्याच्याभोवती कायम चरणाऱ्या कोंबड्या. नवरा लवकर गेला, मुलगा गोव्यात. अंडी विकायला दर बाजारी ती माझ्याबरोबर यायची. मी पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन बाहेर पडले त्या दिवशी हीच आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. पहिल्याच वळणावर मी तिचाच गडगा पाडला. मावशी खाली उतरली, चिरे उचलून एकावर एक परत रचले, हात झटकले आणि येऊन बसली. “चल गो. कोणी बघूक नाय.” मला गाडी चालवायला कुणी शिकवलं असं विचारलं तर मी ड्रायव्हिंग स्कूलचं नाव सांगत नाही.

तिची एक सवय होती. एस्टीचा कंडक्टर, पोस्टमन, औषधाच्या दुकानातला माणूस, कुणीही काही केलं की ती मान थोडी झुकवून म्हणायची, “देव बरें करूं.” त्यांच्या बोलीत आभार मानायची ती रीत. सगळ्यांना म्हणायची, मला सोडून. मला कधीच नाही. होडीतून उतरली की पाटी डोक्यावर घ्यायची, मागे न बघता कुल्ल्याने धाडकन दार लावायची आणि चालू पडायची. होडीचं दार तसं आपटल्याशिवाय लागतही नसे. मी रोज ओरडायचे, “दार मोडशील मगे.” ती गडग्यावरून ओरडायची, “मोडांदे, तुजो घोव बोटीवरसून दुसरा आणतलो.”

एवढं सगळं असूनही मी कंटाळले. खोटं कशाला बोलू? नवरा निवृत्त होऊन घरी आला, मुलगी लग्न होऊन गेली, कलमं बरी पिकत होती, आणि मला वाटायला लागलं की आता एकदा तरी आपण कुठेतरी एकटं जावं. शेजारी कुणी नाही, मागे कुणी नाही, कुणाच्या सुनेची गोष्ट नाही, पायाशी कुणाची पिशवी नाही. काचा वर, आत थंड, आणि मी. पन्नाशी उलटलेल्या बाईने एवढी एक हौस धरली तर बिघडलं कुठे, असं मी स्वतःलाच विचारायचे. उत्तरही मीच द्यायचे.

मग मी मोबाईलवर गाड्यांची परीक्षणं बघायला लागले. नवरा हसायचा. भाकरी थापताना एका बाजूला कोणी तरुण पोरगा मला डिकीचं माप सांगतोय, सस्पेन्शन सांगतोय. सेडान घेऊन उपयोग नाही, आमच्या पाणंदीत तिचं पोट घासणार. मोठी एसयूव्ही नको, गडग्यात अडकणार आणि शिवाय मोठी म्हटली की परत माणसं भरणार. मधली, आटोपशीर, जमिनीपासून उंच पण लांबीला आखूड, पाच माणसांची आणि खरं तर चारांची, अशी एक परदेशी गाडी मनात भरली. नाव सांगत नाही, कंपनीची फुकट जाहिरात नको. तिच्या पाच सीटा हा तिचा सगळ्यात मोठा गुण होता. परीक्षणवाला तोच दोष म्हणून सांगत होता, “मागे तिसऱ्या माणसाला अडचण होते.” मी भाकरी उलटत म्हटलं, होऊ दे.

गोव्याच्या शोरूममध्ये गेलो तेव्हा मी सगळं पाठ करून गेले होते. बसायला खरंच सुख. होडीत चढायला एक पाय आणि एक देवाचं नाव लागायचं. हिच्यात नुसतं वळून बसलं की झालं, गुडघ्याला कळतसुद्धा नाही. दार लोटलं की लोण्यात सुरी जावी तसं लागायचं. मागच्या बंपरखाली पाय नेला की डिकी आपोआप उघडायची. नवऱ्याने सगळीकडून फेरी मारली. बोटीच्या इंजिनात आयुष्य गेलेला माणूस, त्याने वाकून खालून बघितलं, वर बघितलं आणि एकच प्रश्न विचारला. “हे छप्पर काचेचं?”

“पॅनोरमिक सनरूफ, सर,” विक्रेता म्हणाला. कुडाळकडचा होता, पण शोरूममध्ये शुद्ध बोलत होता.

“आमच्या दारात सात माड आहेत.”

विक्रेत्याला ते कळायला वेळ लागला. मला कळलं आणि मी नवऱ्याला कोपरखळी मारली. पुढे मग तोलणं-मापणं झालंच. सर्व्हिसिंगला दर वेळी गोवा गाठायला हवं. खारी हवा. स्टेपनी म्हणजे सायकलच्या चाकापेक्षा जरा जाड. आणि सीटा क्रीम रंगाच्या. काळ्या मिळत होत्या, तपकिरी मिळत होत्या. नवरा म्हणाला, “तांबड्या मातीच्या गावात क्रीम सीट? हात दाखवून अवलक्षण.” मी क्रीमच घेतली. तेव्हा वाटलं रंग आवडला म्हणून. आता वाटतं, ती सीट मी कुंपणासारखी घेतली.

विक्रेता पेढा देताना म्हणाला, “मॅडम, अशी गाडी माणूस स्वतःसाठी घेतो.” मला ते फार आवडलं. येताना बांद्यापर्यंत मी ते मनात घोळवत होते.

होडी बदल्यात द्यायची होती. नवऱ्याने एवढंच म्हटलं, “यंदा पळणीचं वर्ष आहे. पळण होऊन जाऊदे, मग दे होडी.”

गावपळण ही आमच्याकडची रीत. दर काही वर्षांनी, देवाचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री मोकळा करायचा. गडी, बाया, म्हातारेकोतारे, गुरं, कुत्री, कोंबड्यासुद्धा. वेशीबाहेर सड्यावर, उघड्या कातळावर, झावळ्यांच्या खोपी बांधून राहायचं आणि परत कौल होईपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही. मागे फक्त देव. मावशीसुद्धा कोंबड्या घेऊन निघायची. तिला कुणीतरी एकदा विचारलं होतं, तू ख्रिश्चन, तू कित्याक जातस? ती म्हणाली, “देव तुमचो असांदे, गाव माजो आसा.” आणि वाडीची पळण म्हणजे होडी. चुली, टोप, आजारी माणसं, पिल्लं, सगळं खेपा करकरून मीच पोचवायचे. दिवसभर घसा फुटेपर्यंत ओरडायचे. मावशी पुढच्या सीटवर, मांडीत कोंबड्यांची पाटी, प्रत्येक खेपेला. तिला पहिल्याच खेपेला उतरता आलं असतं. पण ती उतरायची नाही. म्हणायची, सोबत नको?

तर नवरा बरोबर बोलला होता. आणि मी काय म्हणाले? “पळणीपर्यंत ठेवली तर मग ती जाणारच नाही.” मला भीती होती की एवढ्या खेपा मारल्या की माझं मन फिरेल. म्हणून पळणीच्या आधीच होडी गेली. वाडीतली माणसं तिला बघायला रस्त्यापर्यंत आली होती, मुलगी सासरी जाताना येतात तशी. मी घरात होते. मला काम होतं.

नवी गाडी आली त्या दिवशी मावशी गडगा ओलांडून आली. हल्ली तिची कंबर धरते, एक पाय ओढते, तरी गडगा ओलांडूनच आली. मी पुढचं डावं दार उघडलं. “बस गो मावशे. तुजीच जागा.”

ती आत वाकून बघत राहिली. मग तिने चपला काढल्या. देवळात काढाव्यात तशा, एकीशेजारी एक, बाजूला नीट ठेवल्या. खांद्यावरचा टॉवेल घेतला, सीटवर पसरला आणि त्याच्यावर बसली, पाठ न टेकता. “बरी आसा गो,” म्हणाली. “गार लागता.” हात मांडीवर. ज्या बाईने होडीच्या डॅशबोर्डवर सुकट वाळत घातली होती, ती कशालाही हात लावत नव्हती.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, घाल गो चपला, काय सोंग लावलंस. मी बोलले नाही. आणि न बोलण्यावरच थांबले असते तरी चाललं असतं. माझ्या मनात आलं, बरं झालं, हिला कळतंय. एवढंच आलं. आलं ते आलं.

पुढच्याच आठवड्यात एका शेजारणीने बाजारातून येताना हात केला. हातात ठिबकणारी पिशवी. मी गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हटलं, “मासे डिकीत नको गो, वास बसता.” अगदी गोड आवाजात. शिव्या घालून म्हटलं असतं तर ती हसून बसली असती. तो गोड आवाज तिला लागला. ती म्हणाली, “ऱ्हवांदे, येतंय मी चलान.” वाडीला एक वाक्य पुरतं. त्यानंतर मला कुणी हात केला नाही. मी एकटी मालवणला गेले, एकटी देवगडला गेले. मिठबावच्या रस्त्याला गाडी किती सुंदर वळते म्हणून सांगू. आवाज नाही, हादरा नाही. पण येताना मला झोप यायची. इतक्या वर्षांत गाडी चालवताना मला कधी झोप आली नव्हती.

पळणीचा दिवस उजाडला. देवळातला ढोल वाजला. मी डिकीत आमचं सामान भरलं, तरी जागा उरली होती, म्हणून डिकी उघडीच ठेवली. सीटवर जुनी चादरसुद्धा घातली. म्हटलं, आज येतीलच, आज कुठे जातात. आमच्या खळ्यात पळणीच्या सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. त्या दिवशी खळ्यात मी, नवरा आणि गाडी. माडाच्या सावल्या सरकत होत्या आणि नवरा सारखा वर बघत होता, नारळ पडेल म्हणून. मी डिकी बंद केली. परत उघडली.

“वाडीने टेम्पो सांगितलाय आचऱ्यातून,” नवरा म्हणाला. त्याला आदल्या दिवशीच कळलं होतं. मला सांगायचं जिवावर आलं असणार.

मी गडग्यापाशी गेले. “मावशे.” दार नुसतं लोटलेलं. क्रुसासमोर मेणबत्ती लावलेली, ती जळून अर्ध्यावर आली होती. खुराडं रिकामं.

वाटेत आम्ही टेम्पोला गाठलं. हौद्यात सगळी वाडी उभी, टोपांना टोप लागून वाजतायत, कोण कुणावर ओरडतंय, कोण हसतंय. मावशी पोत्यावर बसली होती, एका हाताने फळी धरून, मांडीत पाटी. खड्डा आला की सगळ्यांबरोबर ती उडायची. मी मागे होते, थंड हवेत, आणि मला त्यांचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. हॉर्न वाजवून टेम्पो थांबवावा आणि तिला ओढून आणावं असं वाटलं. रस्ता अरुंद होता, हे मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटली. सगळ्यांच्या देखत तिने “नको” म्हटलं असतं तर मी काय केलं असतं?

टेम्पो सड्यावर पोचला आणि माणसं उतरायला लागली. मी गाडी लावत होते. ती कॅमेऱ्यात मागचं दाखवते, फार स्पष्ट दाखवते. त्या पडद्यावर मी मावशीला पडताना बघितलं. फळीवरून पाय खाली सोडला, तो पाय जमिनीला लागला आणि तिथेच मुडपला. पाटी वाचवायला तिने हात आडवा टाकला आणि हातावरच पडली. कोंबड्या सगळीकडे पळाल्या.

मी धावले तेव्हा ती उठून बसली होती, मनगट छातीशी धरून. चेहरा पांढराफटक. “काय नाय, काय नाय,” म्हणत होती. हात बघवत नव्हता. नवऱ्याने आणि टेम्पोवाल्याने तिला उचलून माझ्या गाडीत आणलं. आता कुणी वास, डाग, काही बोललं नाही. मीही नाही. तेवढं तरी देवाने माझ्या तोंडून वदवलं नाही.

मालवणच्या दवाखान्याचा सरळ रस्ता गावातून जातो. आणि गाव मोकळा झालेला, वेस ओलांडायची नाही. मी ओलांडली असती, खरंच सांगते. मावशीनेच हात केला. “गावातसून नको गो. खाणीच्या रस्त्यान घे.” दुखत असतानासुद्धा तिचं तेच.

चिऱ्यांच्या खाणीचा रस्ता म्हणजे रस्ता नव्हेच, ट्रकांनी कातळावर पाडलेले चर. होडीतून त्या वाटेने गेलं की दात हलायचे. आणि इथे मला गाडीचं खरं मोल कळलं, ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. ती त्या चरांवरून गेली ती नुसती डुलत. पोट कुठे टेकलं नाही, चाक कुठे सरकलं नाही. मावशी म्हणाली, “गाडी बरी आसा गो. धक्को लागूक नाय.” मोबाईलवरचा तो पोरगा जे सांगत होता ते सगळं खरं होतं. पण होडी असती तर मावशी टेम्पोतून पडली नसती, हेही खरं होतं. तोलायला बसले की ही दोन माझ्यासमोर येतात आणि काटा तिथेच थरथरत राहतो.

अर्ध्या वाटेत मी तिच्याकडे नीट बघितलं. ती पुढच्या सीटवर होती, आपल्या जागेवर. कुणीतरी बसवताना खाली तिचाच टॉवेल घातला होता, की दुखऱ्या हाताने तिनेच ओढून घेतला होता, कुणास ठाऊक. चादर मी सकाळीच काढून डिकीत टाकली होती. ओठ घट्ट मिटलेले. आणि दोन्ही पाय हवेत. तळव्यांना तांबडी माती लागली होती, चपला सड्यावरच राहिलेल्या, आणि ती बाई पाय मॅटच्या वर, वीतभर उंच, तसेच धरून बसली होती. धरणाऱ्या कमरेने. ओढणाऱ्या पायाने.

“मावशे, पाय खाली ठेव.”

“माती आसा गो.”

“ठेव म्हटलं ना खाली.” मी ओरडले. होडीत ओरडायचे तसं, खच्चून. मला वाटलं ती उलट ओरडेल, मला शिवी हासडेल. तिने नुसतं मुकाट्याने पाय खाली ठेवले, टाचा टेकवून, बोटं वर. माझ्या डोळ्यांसमोरचा रस्ता धूसर झाला आणि मी वेग कमी केला.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. डॉक्टर तरुण होते, चांगले बोलले. मावशीने त्यांना मान झुकवून म्हटलं, “देव बरें करूं.” प्लास्टर करणाऱ्यालाही म्हटलं. मी दुकानातून तिच्यासाठी चपला घेतल्या. त्या तिने घातल्या, आणि गाडीपाशी आल्यावर परत काढल्या. मी दार उघडून धरलं.

सड्यावर परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खोपींमधून चुलींचा धूर निघत होता. वाडीतल्या बायकांनी मावशीच्या कोंबड्या पकडून पाटीखाली कोंडून ठेवल्या होत्या, तिची खोप बांधून झाली होती. त्या तिला न्यायला आल्या, पण गाडीपासून चार हात लांब थांबल्या.

मी म्हटलं, “मावशे, पळण संपली की तुका मी घेवन येतलंय. टेम्पोत चढू नको.” ती म्हणाली, “बघूया.” मग ती खाली उतरली, प्लास्टरचा हात सांभाळत सीटवरचा टॉवेल गोळा केला, बाहेर धरून झटकला, घडी घातली आणि खांद्यावर टाकला. चपला हातात. चांगल्या हाताने तिने दार हळू, अगदी हळू लोटत आणलं, लागेपर्यंत धरून ठेवलं. मग काचेतून वाकून माझ्याकडे बघितलं. मान थोडी झुकवली.

“देव बरें करूं,” म्हणाली.

मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत बसले. बायका तिला धरून नेत होत्या, आणि त्यांच्यात गेल्यावर ती काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. नवरा खोपीकडून हाक मारत होता. गाडीत पुन्हा मी एकटी होते. आणि देवाशपथ सांगते, मी ठरवून केलं नाही, पण माझा हात आपोआप शेजारच्या सीटवर गेला आणि कुठे काही लागलंय का ते चाचपून बघत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. सीट स्वच्छ होती.